पालथं झोपून ऐकलेली लढाई

सावली आली ती डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून. बायको सुट्टीच्या सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. मांडीवर जाडजूड पुस्तक, तिसरा आणि शेवटचा भाग. आधी तिला वाटलं, चष्म्याला काही लागलंय. तिने काच पुसली. मग दोन्ही डोळे आळीपाळीने झाकून पाहिले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाली, "जरा इकडे येतोस? एका डोळ्यावर कुणीतरी पडदा ओढतंय."

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. कामात त्याला एक सवय लागली होती: आवाज बदलला की आधी लिफ्ट थांबवायची, कारण नंतर शोधायचं. त्याने गॅस बंद केला आणि दहा मिनिटांत तिला घेऊन बाहेर पडला. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी कपाळावर दिवा बांधून तिच्या डोळ्यात बराच वेळ पाहिलं. आतला पडदा सुटत चालला होता. उद्याच ऑपरेशन.

"मधला भाग अजून धरून आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तो सुटायच्या आत आपण पोचलो तर बरं."

बायको एका प्रयोगशाळेत रक्ताच्या काचा तपासायची. वीस-बावीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली बाई.  ती पर्समध्ये नसलेला रुमाल शोधत राहिली.

ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅसचा एक बुडबुडा सोडला होता. त्याने पडदा जागेवर दाबून धरायचा, म्हणजे तो चिकटेल. पण बुडबुडा वरच जाणार, म्हणून पेशंटने मान खाली घालून राहायचं. जेवताना, बसताना, झोपतानाही. हे समजावून सांगायला डॉक्टरबाईंनी कागद घेतला, तेवढ्यात नवरा म्हणाला, "कळलं. बुडबुडा वर, म्हणून पडदा वर, म्हणून तोंड खाली." डॉक्टरबाईंनी कागद ठेवून दिला.

घरी त्याने पलंग भिंतीपासून ओढला. मध्ये भोक असलेली गोल उशी कडेला बांधली, म्हणजे तिचं तोंड त्या भोकातून खाली राहील. खाली फरशीवर एक हातआरसा तिरका लावला. त्यात तिला उजव्या डोळ्याने समोरच्याचं तोंड दिसायचं, तेही उलटंसुलटं. बोलणारा फरशीवर बसायचा. तिची थोरली बहीण डबा घेऊन आली, तीही गुडघ्यांना शिव्या घालत खाली बसली आणि आरशाला म्हणाली, "एवढाली पुस्तकं वाचल्यावर दुसरं काय होणार?"

"ताई, पुस्तकाने काही झालेलं नाही."

"तू आधीपासूनच हट्टी," आरशाला असं ऐकवून ताई डबा उघडायला उठली.

दोन्ही डोळे बरोबर हलतात म्हणून डॉक्टरबाईंनी स्वतः वाचायला मनाई केली होती. दोन दिवसांत बायकोला फरशीची प्रत्येक चीर पाठ झाली. तिला रेडिओ नको, टीव्ही नको, फोनवर कुणाशी बोलायला नको. तिसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "माझं पुस्तक घे. अर्ध्यात कागदाची खूण आहे. तिथून वाच."

 वर्तमानपत्र सोडलं तर त्याने आयुष्यात मशीनच्या माहितीपुस्तिकांशिवाय काही वाचलेलं नव्हतं. पण नाही म्हणण्याची सोय नव्हती. तो बुटक्या स्टुलावर बसला आणि पुस्तक मांडीवर घेतलं.

"पहिल्यांदा नकाशा बघ," उशीतून आवाज आला.

नकाशात सात खोरी होती, एक मोठी नदी, आणि अगदी वर, डोंगरांच्या पलीकडे, काळ्या शाईने भरलेला एक गड.

"हा कोण राहतो इथे?"

"सावट. त्याला दुसरं नाव नाही. तो जिंकला तर सातही खोऱ्यांत उजेड उरणार नाही."

"आणि त्याच्याशी लढायला कोण निघालंय?"

"मीठ विकणाऱ्याची मुलगी."

"राजा, सेनापती, कुणी नाही?"

"ते आहेत. त्यांच्याने काही होत नाही." बायकोचा आवाज तीन दिवसांत पहिल्यांदा जरा मोकळा झाला. "या पुस्तकांचं असंच असतं. आपलं नसलेलं एक अख्खं जग लागतं. त्याच्या नद्या, त्याची भाषा, त्याचे मेलेले राजे, सगळं. वाईट म्हणजे सगळं गिळून टाकेल इतकं वाईट. आणि ते निस्तरायचं काम येऊन पडतं ते ज्याने मागितलं नाही त्याच्यावर. मग सोबती मिळतात, लांबची वाट असते..."

"आणि जादू."

"जादू असते, पण फुकट नाही. तिच्याकडे अग्निखडा आहे. तो पेटवला की उजेड होतो, पण दर वेळी तो तिचं काहीतरी घेतो. काय घेणार ते आधी कळत नाही. एकदा तिची वासाची जाणीव घेतली. एकदा आईचा आवाज आठवेनासा झाला."

"कडक आहे," नवरा म्हणाला आणि वाचायला लागला.

सुरुवातीला तो फारच अडखळला. खडा पेटवायचा मंत्र त्या जगाच्या भाषेत होता, 'ओरू थलेन व्हा'. त्याने तो असा म्हटला की बायको म्हणाली, "अशाने खडा नाही, शेजारी पेटतील." मग त्याने नीट जमेपर्यंत चारदा म्हटला. मध्येच थांबून तो प्रश्न विचारायचा. इतक्या उंच गडावर माणसं वर-खाली कशी करतात? जिन्याने, ती म्हणाली. "म्हणूनच तो सावट एवढा चिडका," त्याने निकाल दिला. ती हसली, आणि हसताना मान हलू नये म्हणून उशी घट्ट धरली.

कंपनीने रजा दिली होती ती फोनवर अडचणी सोडवायच्या बोलीवर. फोन वाजला की तो पुस्तक उपडं ठेवून दुसऱ्या खोलीत जायचा, कुणाला तरी कुठली तार तपासायची ते सांगायचा आणि घाईने परत यायचा. "कुठे होतो? हां, बर्फात." मीठवाल्याची मुलगी आणि तिचे पाच सोबती डोंगर ओलांडत होते. एक म्हातारा वाटाड्या, एक पळून आलेला शिपाई, एक गाणारी, दोन जुळे भाऊ जे एकमेकांशी बोलत नव्हते. जुळे एकदाचे बोलले, तेव्हा नवऱ्याने पुस्तक खाली ठेवलं. त्याने पाणी पिण्याचं निमित्त केलं.

पुढचं काय होतं याची त्याला इतकी ओढ लागली की सकाळी चहाचं पाणी तापेपर्यंत तो ओट्याशी उभं राहून पुढची पानं वाचायला लागला. बायकोला सांगितलं, शब्द नीट उच्चारता यावेत म्हणून.

असंच एका सकाळी त्याने शेवटच्या आधीचं प्रकरण वाचलं. मुलगी गडाच्या माथ्यावर पोचते. सावट समोर उभा. ती खडा पेटवते, पूर्ण, उरलीसुरली सगळी जादू एकदम. गड कोसळतो, सातही खोऱ्यांत उजेड पसरतो. आणि खडा किंमत म्हणून तिचे डोळे घेतो. तो उजेड तिला कधीच दिसत नाही. पुढचं पूर्ण प्रकरण म्हणजे तिला हाताला धरून घरी नेणं.

पाणी आटून गेलं तरी तो तसाच उभा होता. आतल्या खोलीत बायको फरशीकडे तोंड करून पडली होती. डोळ्याचं काय होणार हे डॉक्टरबाईंनाही अजून माहीत नव्हतं. तिने त्याला एकदाही विचारलं नव्हतं, आणि हीच गोष्ट त्याला जास्त घाबरवत होती.

दुपारी ताईचा फोन आला, मग वाचण्याआधी त्याने फॅन पुसायला काढला, मग नळ गळतोय का ते बघितलं. शेवटी घोडं अडलं ते अडलंच. बायको म्हणाली, "मिस्त्री, ती पोर कालपासून गडाच्या दाराशी उभी आहे."

रागावली की ती त्याला मिस्त्री म्हणायची. तो स्टुलावर बसला. माथ्यापर्यंत त्याने पुस्तकातलंच वाचलं. सावट उठून उभा राहिला, तेही वाचलं. आणि मग पानावर नजर ठेवूनच तो स्वतःचं बोलू लागला.

"तेव्हा म्हातारा वाटाड्या पुढे आला. म्हणाला, पोरी, थांब. खडा पेटवायच्या आधी... आधी सगळी यंत्रणा तपासून घे."

त्याने मान वर न करता पुढे रेटलं.

"मग शिपाई म्हणाला, आपण याला दुसऱ्या बाजूने... म्हणजे मागच्या बाजूने..."

"पान उलट," बायको म्हणाली.

"काय?"

"मला आरशात तुझा हात दिसतोय. किती वेळ एकाच पानावर बोलतोयस. आणि त्या जगात यंत्रणा नसते."

त्याने पुस्तक मिटलं. 

"पुस्तकात काय होतं?" तिने विचारलं. "खरं सांग."

"खडा तिचे डोळे घेतो."

 फरशीवर, आरशाच्या काठाशी, एक थेंब पडला. उशीच्या भोकात हात नेऊन तिला पुसताही येत नव्हतं. तो खाली बसला आणि रुमालाने त्याने तिचा उजवा डोळा हलकेच टिपला.

"मला काम सुटेल याची भीती नाही वाटत," ती म्हणाली. "म्हणजे वाटते. पण काल मला आठवेना, तुझ्या उजव्या कानाखाली तीळ आहे की डाव्या. आरशात सगळं उलटं. म्हटलं, उद्या उजवाही गेला आणि हेच जर शेवटचं बघणं असेल तर."

"डाव्या," तो म्हणाला.

"आता तू सांगितलंस म्हणून कळलं." ती नाकाने श्वास ओढत म्हणाली. आणि एवढं बोलून झाल्यावर तिचे खांदे, जे इतके दिवस दगडासारखे होते, जरा खाली आले. "बरं. तुझा शेवट सांग. पण एक लक्षात ठेव. तिला फुकट सुटू द्यायचं नाही. किंमत पडलीच पाहिजे, नाहीतर सगळं पुस्तक वाया."

तो विचार करत बसला. त्याला जे येत होतं त्यातूनच त्याला वाट काढावी लागणार होती.

"हे बघ," तो म्हणाला, "लिफ्ट काय एकट्या मोटरीच्या जोरावर वर जाते? दुसऱ्या टोकाला वजन टांगलेलं असतं. बहुतेक भार ते वजनच उचलतं. मोटर फक्त फरक ओढते. तर तिथे सहाजण आहेत. सहाहीजण खड्यावर हात ठेवतात आणि मंत्र एकत्र म्हणतात. किंमत तेवढीच, पण वाटून."

"खडा मानेल?"

"त्याला किमतीशी मतलब. कोण देतं याच्याशी नाही. असं कुठे लिहिलंय का, की तिनेच द्यायची?"

बायकोने पहिल्या भागापासून आठवून पाहिलं. "नाही लिहिलेलं," ती सावकाश म्हणाली. "कुणी हात लावला नाही, एवढंच. बरं, कोण काय देतं?"

"शिपायाची जिभेची खारट चव जाते. गाणारीचं एक गाणं जातं, सगळ्यात आवडतं. म्हाताऱ्याला स्वतःच्या गावची एक गल्ली आठवत नाही. जुळ्यांना यापुढे एकमेकांचं मन ओळखता येत नाही, सगळं बोलूनच सांगावं लागतं."

"हे चांगलंय. आणि ती?"

"तिला एक रंग दिसेनासा होतो. जांभळा."

"जांभळाच का?"

"कमी लागतो."

"तुला काही कळतं का? आम्ही काचेवर रंग टाकतो तेव्हा पेशींचं केंद्र जांभळं दिसतं. माझं अख्खं काम जांभळ्यावर चालतं."

"मग करडा."

"करडा दिला," ती म्हणाली. "करड्याची कुणाला पडलीय?"

मग त्याने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, गड कसा कोसळला, खोऱ्याखोऱ्यांतून उजेड कसा उतरत गेला, आणि त्या पोरीने तो स्वतःच्या डोळ्यांनी कसा पाहिला. मंत्र त्याने एकदाही न चुकता म्हटला. ऐकता ऐकता बायकोला झोप लागली. दुपारची एवढी गाढ झोप तिला ऑपरेशननंतर पहिल्यांदाच लागली होती.

पुढच्या आठवड्यात तपासणी होती. दवाखान्यात ती मान खाली घालून चालत होती आणि तो तिचा दंड धरून पायऱ्या सांगत होता. दिवा कपाळावर बांधून डॉक्टरबाई वाकल्या. वर बघा, खाली बघा, डावीकडे.  नवऱ्याचा जीव टांगणीला लागला. त्याने खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरली की नर्स म्हणाली, "काका, तुम्ही बसा."

"पडदा चिकटलाय," डॉक्टरबाई शेवटी म्हणाल्या. "सगळीकडून. मधला भाग शाबूत आहे."

नवरा बसला. 

डॉक्टरबाईंनी तिचा उजवा डोळा झाकून डाव्यासमोर बोटं धरली. बायको म्हणाली, अर्ध्यावर पाण्यासारखी रेघ हलते, तो बुडबुडा असणार, आतून उलटा दिसणारा. रेघेच्या खाली सगळं काळपट. पण वर दिसतंय, धूसर. दोन बोटं. आता तीन. तुमच्या मागे काहीतरी हिरवं आहे.

"पडदा आहे खिडकीचा," डॉक्टरबाई हसल्या. "बुडबुडा आपोआप विरेल, तसं आणखी स्पष्ट होईल. काचा बघायला दोनेक महिने थांबा. आणि मान वर करा आता. फक्त पाठीवर झोपायचं नाही, कुशीवर चालेल."

तिने मान वर केली. मान इतकी आखडली होती की ती कण्हली. मग तिने छताकडे पाहिलं, छतावरच्या मळक्या दिव्याकडे, त्यात मरून पडलेल्या किड्यांकडे, आणि मग नवऱ्याकडे. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला होता, पण चेहरा अजून त्याच्या मागे पोचला नव्हता. ती त्याला पाहून हसायला लागली, आणि मग दोघंही हसू लागले. नर्सला कळेना, काय झालं.

घरी जाताना टॅक्सीत ती उजवा डोळा झाकून खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत होती, वरच्या वरच्याच. मध्येच म्हणाली, "डोळा बरा झाला की तो शेवट मी वाचणार."

"पुस्तकातला?"

"हो. आता वाचवेल मला."

घरी पोचल्यावर कपडे न बदलताच ती सोफ्यावर कुशीवर आडवी झाली, "दोन मिनिटं," म्हणून. लगेच झोपली. तोंड जरा उघडं, एक हात सोफ्याखाली लोंबता. नवऱ्याने ताईला फोन करायला फोन उचलला, तेवढ्यात तो वाजलाच. कंपनीतून होता, कुठलीशी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, रिकामी.

तो स्वयंपाकघरात गेला, दार लोटून घेतलं, आणि हलक्या आवाजात म्हणाला, "रिकामी आहे ना? मग राहू दे तासभर. मी नंतर बोलतो."

मग त्याने ताईला फोन लावला.