डाळिंबी रंग

तेलाच्या डब्यातून ‘टिक्’ असा आवाज आला आणि अण्णांच्या हातातली सांडशी तिथंच थांबली.

दारात दिनानाथ उभा होता. सकाळी ठेवून गेलेला आपला ठसा न्यायला तो नुकताच आला होता. त्यानंही तो आवाज ऐकला. अण्णांनी ठसा बाहेर काढून फडक्यानं पुसला. दिनानाथनं तो ऐरणीवर ठेवला आणि हातोडी जेमतेम टेकवली. पोलादाचे दोन तुकडे झाले. मोराची मान एकीकडे, पिसारा दुसरीकडे.

सोन्याचा पत्रा ठोकून पदक उठवायचा ठसा होता तो. मऊ पोलादात दिनानाथ दीड महिना कोरत होता. कोरून झाला की ठसा डाळिंबासारखा लाल होईपर्यंत तापवून तेलात बुडवायचा, म्हणजे कडक होतो. त्याला पाणी देणं म्हणत. चिंचणीच्या त्या आळीतले सगळे कारागीर त्यासाठी अण्णांकडेच येत.

अण्णांनी तुटल्या जागेवरून अंगठा फिरवला. नीट तापलेलं पोलाद आतून पिठासारखं बारीक लागतं. हे जाड्या मिठासारखं खरखरीत होतं. जास्त तापलं की कण फुगतात आणि त्यांची आपसातली पकड सुटते, असं सुलूनं, त्यांच्या मुलीनं, कॉलेजचं पुस्तक वाचताना सांगितलं होतं. तेव्हा अण्णा हसले होते. यात पुस्तकाची काय गरज?

“डाळिंबी रंगावरच काढला रे मी,” ते म्हणाले.

“शेंदरी होता, अण्णा. दारातनं दिसला मला.” दिनानाथनं घरात नजर टाकली. “सुलू नाय का?”

ती बोईसरला गेल्याचं अण्णांनी सांगितलं. कारखान्याच्या लॅबमध्ये तिला नोकरी मिळायची होती. तिच्यावाचून आपलं अडत नाही हे तिला दिसावं, म्हणजे ती निश्चिंत जाईल, म्हणून तर आज त्यांनी एकट्यानं शेगडी पेटवली होती. एवढं मात्र ते बोलले नाहीत.

दिनानाथ तुकडे जुळवून बघत राहिला.

“ती घरात नाय हे ठाऊक असतं, तर आज ठसा आणला नसता,” तो हळूच म्हणाला.

अण्णा खाली बसले. गेली दोन वर्षं जो येई तो आधी दारातून विचारी, सुलू हाय ना? पोरीच्या हातचा चहा आवडतो लोकांना, असं ते समजत होते. शेगडीचा पंखा फिरवता फिरवता तिचा हात मंद व्हायचा आणि ती म्हणायची, “झाला ना हो, अण्णा?” ती आपल्याला विचारते आहे, असंच त्यांना वाटे.

अण्णांच्या डोळ्यांना आता रंग नीट कळत नाही, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं.

सुलू दुपारच्या एसटीनं आली, तेव्हा दिनानाथ अजून तिथंच होता. हातातलं टाइप केलेलं पत्र ती दाखवणार, तेवढ्यात तिला ऐरणीवरचे तुकडे दिसले. तिनं पत्राची घडी केली.

“मी नाही जात नोकरीला,” ती म्हणाली.

“कधीपासून बोलावलंय?”

“सोमवारपासून. पण अण्णा...”

अण्णा उठले. कोपऱ्यातला पोलादाचा एक कोरा तुकडा शोधून त्यांनी निखाऱ्यांत सरकवला आणि सांडशी दिनानाथपुढे धरली. तो मागे सरला.

“अण्णा, माझ्यानं नाय व्हायचं.”

“धर. सुलू, ह्याला रंग दाखव. सोमवारच्या आत शिकला पाहिजे.”

मग ते सुलूच्या पाटावर, विस्तवाकडे पाठ करून बसले आणि मागे हात नेऊन पंख्याची मूठ फिरवू लागले. कोळसे फुलले. सुलू हलक्या आवाजात सांगत होती, अजून काळपट आहे, थांब, कडेला बघ.

“आता,” ती म्हणाली.

तेल चुरचुरलं. अण्णांनी मूठ थांबवली आणि ‘टिक्’ होतंय का, म्हणून कान दिला.