मामाचं विमान कितीला लागतंय?

चौतीस वर्षं मी शिरूर डेपोत कंट्रोलर व्हतो. कुठली गाडी कितीला सुटती, कितीला लागती, मला झोपेतनं उठवून विचारा. आन् एका तिकिटानं माझी पार जिरवली बघा.

आमच्या राजनंदिनीचं लगीन रविवारी, दुपारी बारा पस्तीसला. तिचा सख्खा मामा विश्वजीत सॅन फ्रान्सिस्कोला. माझ्या एका वाकड्या शब्दापायी सहा वर्षं आमचा अबोला. तरी "भाचीच्या मागं मीच उभा राहणार" असा निरोप दिला, आन् फोनवर तिकिटाचा फोटो धाडला. त्याची बहीण, म्हंजी आमची सोजराबाई, फोटो बघूनच रडली.

तिकिटावर काय? शुक्रवारी रात्री नऊला सुटणार, रविवारी पहाटे साडेतीनला मुंबई. बोटं मोजली. साडेतीस तास! पोरगी म्हणाली, "आप्पा, अठराच लागत्यात." मंग वरचे साडेबारा गेले कुठं? विमान काय धाब्यावर जेवायला थांबतंय व्हय?

तवर दौंडचे साडू सतीशराव आले. ते रेल्वेत गार्ड व्हते. म्हणाले, "त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागं. गाडी जिथनं सुटली, तिथलंच घड्याळ शेवटच्या ठेसनापर्यंत. टाका साडेबारा." टाकले. झाले रविवारी दुपारचे चार! डोक्याचा पार भुगा झाला.

"आप्पा, उतरायची वेळ मुंबईच्याच घड्याळाची असंल," राजनंदिनी पुटपुटली.

"तू मेंदीचे हात सांभाळ!" मी खेकसलो. "एका तिकिटावर दोन घड्याळं असत्यात का कुठं?"

मुहूर्त काय कुणासाठी थांबत न्हाई. निमोण्याच्या चुलतमामाला पोरीमागं उभं राहायला सांगितलं, आन् विमानतळाची गाडी दुपारची ठरवली. सोजराबाई माझ्याशी बोलंना.

रविवारी मंगलाष्टकं सुरू झाली आन् कार्यालयाच्या दारात विश्वजीत उभा! हातात बॅग, शर्ट घामानं चिंब. पहाटे साडेतीनलाच उतरला व्हता गडी. तीन तास वाट बघून यष्टीनं आला. फोन केले असतील, पर घरातले सगळे फोन त्या गडबडीत कुणाच्या पिशवीत व्हते देव जाणे.

त्यानं स्टेजकडं बघितलं. भाचीमागं दुसराच मामा. त्याचं तोंड उतरलं. मी मुद्दाम केलं, असंच वाटलं असणार त्याला. तो माघारी वळला.

 मी पळत जाऊन भटजींचा माइक हिसकला. तोंडातनं डेपोतलाच आवाज निघाला.

"प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं! सॅन फ्रान्सिस्को-शिरूर गाडी टायमात लागलेली हाय. चूक कंट्रोलरची हाय. सहा वर्षांमागची बी कंट्रोलरचीच हाय."

 चुलतमामा आपणहून बाजूला सरला. विश्वजीतनं माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. बॅग सोजराबाईच्या हातात दिली, बूट काढले आन् जाऊन पोरीमागं उभा राहिला.