आई डॉट न्यू बाळ

आमच्या घराण्यात नावं ठेवायला सगळे पुढे. पण माझ्या भाचीचं नाव ठेवायची वेळ आली आणि सगळ्यांची दातखीळ बसली.

मुलगी सातव्या महिन्यातच आली, जेमतेम सव्वा किलोची. अकरा दिवस झाले, ती काचेच्या पेटीत होती. पेटीवर चिठ्ठी होती, 'मनीषा यांचे बाळ'. दोनदा तिचा श्वास थांबून परत सुरू झाला होता. माझी आई म्हणाली, "घरी आल्याबिगर बारसं नाय." भाऊ कुंदन मान खाली घालून पंचवटीच्या बाजारात कोथिंबीर विकायला जात राहिला. आणि त्याची बायको मनीषा पेटीजवळ बसायची, पण बोलायची नाही. नर्स रोज सांगायची, "बाळाशी बोला, आईचा आवाज कळतो त्यांना." ही गप्प! मी कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवते. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेलं माणूस मला सहन होत नाही.

मनीषाचं बीसीएचं शेवटचं वर्ष, परीक्षा महिन्यावर आलेली. त्या दुपारी हॉस्पिटलच्या बाकावर ती आपणहून म्हणाली, "पूजाताई, ते इनर क्लास आणि कन्स्ट्रक्टर शिकवा ना. नुसतं बसून डोकं फिरतंय."

मी लॅपटॉप उघडला. क्लास म्हणजे साचा, त्यातून बनते ती वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट, आणि साच्याच्या आतला साचा म्हणजे इनर क्लास. बारा वर्षं मी गाडी आणि इंजिनचं उदाहरण देत आले आहे. तेच देणार होते, पण तिने आधीच लिहून टाकलं होतं. बाहेरचा क्लास आई, आतला बाळ. खाली तिने थेट 'न्यू बाळ', म्हणजे नवीन बाळ बनव, असं लिहिलं आणि चूक म्हणून ओळ लाल झाली.

"चुकलं कुठे?"

"बाळ असं परस्पर होत नाही, बाई. आधी आईचं ऑब्जेक्ट हवं. मग आई डॉट न्यू बाळ."

तिने तसं केलं, चाललं. मग स्क्रीनकडे बघतच तिने विचारलं, "आणि बाहेरचं ऑब्जेक्ट निघून गेलं तर?"

"जात नाही. आतल्याकडे बाहेरच्याचा पत्ता असतो. आतलं वापरात आहे तोवर बाहेरचं मोडीत निघत नाही. हे पुस्तकातलं आहे, माझ्या पदरचं नाही."

तिने ती ओळ पुन्हा एकदा चालवून बघितली.

मग कन्स्ट्रक्टर. ऑब्जेक्ट जन्माला येताना जे चालतं ते. आपण लिहिला नाही तर प्रोग्रॅमिंगची भाषा स्वतःचा रिकामा देते, बाळ नावाशिवायही तयार होतं. पण नाव मागणारा लिहिला की रिकाम्याची सोय बंद. मी बाळमध्ये तसा लिहून दिला. मुद्दाम, कबूल करते. नाव दिलेलं नव्हतं, म्हणून मघाशी चाललेली ओळ पुन्हा लाल झाली.

मनीषाने कीबोर्डवरून हात उचलले.

"नाव ठेवलं आणि ती गेली तर, ताई?"

मी नेहमीच्याच तुटक आवाजात म्हणाले, "तर हाक मारून रडू. बिननावाची गेली, तर काय म्हणून रडशील?"

आणि मीच रडायला लागले. बाकावरची माणसं बघत होती, बघू देत.

मनीषाने ओढणीने नाक पुसलं. कंसात टाईप केलं, सृष्टी. रन केलं. चाललं. नाव ठेवायचा मान आत्याचा असतो, तो तिने मला न विचारता घेतला आणि मला राग आला नाही. माझ्या स्वभावाला हे नवीनच.

ती उठून आत गेली. मी काचेबाहेर थांबले. पेटीच्या गोल झरोक्यातून तिने हात घातला, वाकली आणि ओठ हलवले. मला ऐकू काहीच येत नव्हतं. नर्सने घड्याळ दाखवलं तरी ती हलेना. अकरा दिवसांचं साचलेलं सगळं ती लेकीला सांगत सुटली होती.