कशी बंद पडली

"मिस्त्री, चढावर पुन्हा बंद पडली," पोस्टमन म्हणाला आणि ढकलत आणलेली मोटारसायकल त्याने स्टँडवर लावली. त्याला निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. गाडीचंही निवृत्तीचं वय केव्हाच उलटलं होतं, पण तिला सांगणार कोण? ही तिची तिसरी खेप. पोस्टमनच्या बोलण्यात तक्रार नव्हती आणि मिस्त्रींना तेच जास्त लागलं.

गल्लीत त्यांना कानसेन म्हणत. गाडी वळणावर असतानाच ते दुकानातून सांगत, प्लगला काजळी धरलीय. बंद पडणाऱ्या गाडीबद्दल त्यांचं एक ठरलेलं शास्त्र होतं. करंट तुटला तर गाडी बोलता बोलता गप्प होते. पेट्रोल कमी पडलं तर कण्हत, अडखळत जाते. ते एकदा ऐकलं की निम्मं काम झालं.

पण वर्षभरापासून कुणी कानात कापूस कोंबल्यासारखं झालं होतं. त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. मागच्या खेपेला चढावर जाऊन आले, काही ऐकू आलं नाही, तरी ठामपणे म्हणाले, करंट. कॉइल बदलली, वायर बदलल्या. सगळं अंदाजपंचे. आता तिसऱ्यांदा चुकलं की कानसेन संपला, उरणार नुसता हात काळे झालेला म्हातारा.

दुकानाच्या मधल्या पडद्यामागे बायकोचं शिवणयंत्र थांबलं. ती बाहेर आली, कात्री फळीवर ठेवली आणि म्हणाली, मीही येते मागे बसून. पोस्टमनला स्टुलावर बसवून दोघं निघाली.

दुपार कलली होती. चढावर दोन्ही बाजूंनी झाडं होती आणि टाकीवरून ऊन-सावली सरकत होती. मिस्त्रींना आवाज येत नव्हता, हँडलमधली थरथर तेवढी तळहातात येत होती. पाठीवर बायकोचा हात होता. स्वप्नात चालतो तशी गाडी वर चालली होती आणि क्षणभर त्यांना वाटलं, रस्ता संपूच नये. मग थरथर विरली. गाडी उभी राहिली.

चाळीस वर्षांत जो प्रश्न त्यांना कुणाला विचारावा लागला नव्हता, तो त्यांनी मागे न बघता विचारला.

"कशी बंद पडली?"

ती उतरली आणि त्यांच्या समोर आली, ओठ दिसतील अशी. वर्षभर ती अशीच समोर येऊन बोलत होती, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

"कण्हत गेली. दोनदा अडखळली, मग गेली."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"अहो, पडद्यामागे बसून इतकी वर्षं नुसती बटणं नाही लावली मी."

मिस्त्रींना शरम वाटली आणि शरमेहून जास्त हलकं वाटलं. म्हणजे पेट्रोल. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, तशी हवा सुस्सकन आत ओढली गेली. ती तिने ऐकली, त्यांना तळहाताला लागली. झाकणात हवेसाठी बारीक भोक असतं, ते पांढऱ्या पॉलिशने गच्च बुजलं होतं. पोस्टमन दर रविवारी झाकणासकट गाडी चकचकीत करायचा. अति माया, दुसरं काय. आत हवा नाही, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. तिने केसातली पिन काढून दिली. भोक मोकळं करून त्यांनी किक मारली. गाडी चढाच्या टोकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

दुकानात पोस्टमन उठून उभा राहिला. काय झालं होतं ते ऐकून खजील झाला, मग हसला.

"शेवटी कानसेन ते कानसेनच. ऐकूनच कळलं ना?"

मिस्त्री हात पुसत राहिले. फडकं नीट घडी करून ठेवलं.

"ऐकूनच कळलं," ते म्हणाले. "पण हिने ऐकलं. मला आता ऐकू येत नाही."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा मधला पडदा काढलेला होता. शिवणयंत्र पान्यांच्या फळीशेजारी आलं होतं. त्यामागची खुर्ची मिस्त्रींनी स्वतः, बायकोचं तोंड आपल्याला दिसेल अशी वळवून ठेवली होती.