चिंचआळीचा वजनकाटा

मित्रांनो, चिंचआळीतली कितीतरी मुलं माझ्या मांडीवर रडलेली आहेत. त्यांना ते आठवत नाही, आणि आठवणार तरी कसं? तेव्हा ती जेमतेम दीड-दोन महिन्यांची होती. मी मात्र एकालाही विसरलेलो नाही. मी तिथल्या दवाखान्यातला बाळांचा वजनकाटा. आता जुना झालोय. पांढरा रंग तीन ठिकाणी उडालाय, तबकडीच्या काचेला कोपऱ्यात तडा आहे. पण काटा अजून चुकत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे एका कागदावर माझ्याविषयी वेगळंच लिहिलेलं तुम्हाला ऐकायचं आहे.

नंदाखाल गावाच्या पलीकडे केळीच्या आणि नारळाच्या वाड्यांमध्ये आमची चिंचआळी आहे. तेव्हा तिथे ग्रामपंचायत होती. पंचायतीने दवाखान्याला एक कौलारू खोली दिली, टेबल दिलं, कपाट दिलं. बाळांचं वजन करायला काटा मात्र नव्हता. म्हणून चर्चच्या सणाला पटांगणात हाऊजी, म्हणजे तिकिटं विकून आकड्यांचा खेळ, ठेवली आणि त्या पैशांतून मला विकत घेतलं. मुंबईहून आणायचं काम आल्बिनाने अंगावर घेतलं. ती रोज वाडीतली भाजी घेऊन दादरला जायची. त्या दिवशी परत येताना रिकाम्या टोपलीत तिने मला बसवलं, वरून आपल्या पदराने झाकलं आणि वाटेत कुणाचा धक्का लागू दिला नाही. मी कुठल्या कचेरीचा नव्हतो, मी आळीचा होतो. याचा मला फार अभिमान वाटायचा.

त्याच महिन्यात पॉलिन सिस्टर कामाला लागल्या. अंगाने बारीक, आवाज मोठा, केसांचा घट्ट अंबाडा. लसीकरणाचा दिवस बुधवार. सकाळी आल्या की पहिलं काम माझं. ओल्या फडक्याने पुसायच्या, माझ्या पाळण्यात घडी केलेलं मऊ कापड घालायच्या, काटा शून्यावर आणायच्या. मग कपाटातली एक किलो मिठाची पिशवी माझ्यावर ठेवायच्या. काटा बरोबर एकावर थांबला की म्हणायच्या, "शाब्बास! चला आता, येऊ देत पोरं." तेवीस वर्षं एकही बुधवार त्यांनी हे चुकवलं नाही. कुणी माझ्याशी बोलतं, याचं सुख तुम्हाला सांगून कळणार नाही.

मी फक्त वजन दाखवतो. पण सिस्टर त्यातून बरंच काही वाचायच्या. शेजारच्या मर्लिनची एस्थर जन्मली ती चिमणीएवढी. पुढे दोन महिने तिला ठेवलं की माझा काटा त्याच आकड्यावर थांबायचा. घरचे म्हणाले, आमच्यात मुली नाजूकच असतात. सिस्टरांनी ऐकलं नाही. "काटा नाजूक-बिजूक जाणत नाही," असं म्हणून त्यांनी स्वतः रिक्षा बोलावली आणि पोरीला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिच्या हृदयात दोष निघाला. वेळेवर कळला म्हणून बरा झाला. एस्थर आता कॉलेजात जाते. त्या वर्षी सणाला कुणीतरी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला होता! लोक म्हणायचे, सिस्टर आणि काटा आहे तोवर आपल्याला काळजी नाही.

पुढे पंचायत गेली, महापालिका आली. दवाखान्यावरची पाटी बदलली, खोली तीच राहिली. सिस्टरांची नोकरीही तशीच, कंत्राटी. अकरा महिन्यांचा हुकूम यायचा, एक दिवसाचा खंड पडायचा, मग पुन्हा नवा हुकूम. हुकूम यायला उशीर झाला की त्या बुधवारी त्यांचा आवाज बारीक व्हायचा. बाकी कुणाच्या ते लक्षात यायचं नाही.

गेल्या डिसेंबरात दवाखान्याच्या दारावर एक नोटीस लागली. बुधवारी बायका जमल्या तेव्हा सिस्टरांनीच ती मोठ्याने वाचली. चिंचआळीचं केंद्र बंद करून शहरातल्या नव्या केंद्रात विलीन करायचं, असा विषय आरोग्य समितीच्या पुढच्या सभेत यायचा होता. कुणाची हरकत असेल तर ती पंधरा दिवसांत लेखी कळवायची होती.

आल्बिना आता सत्तरीला टेकली होती. घरी ती आपल्या बोलीत बोलायची, पण दवाखान्यात आली की शाळेतली मराठी काढायची. ती म्हणाली, "नवं केंद्र म्हणजे त्या टॉवरांतलं? दोन रिक्षा बदलून तान्हं पोर घेऊन कोण जाणार तिथे?"

"कुणालाच जावं लागणार नाही, मावशी," सिस्टर म्हणाल्या. "मी आहे ना."

मग त्यांनीच कागद घेतला आणि हरकत कशी लिहायची ते सांगितलं. "लिहा, केंद्रातली सर्व उपकरणं चालू स्थितीत आहेत. हे महत्त्वाचं आहे. सामान मोडकं असलं की त्यांना बंद करायला निमित्त मिळतं." आल्बिनाची सून रोझमेरी हिचं अक्षर सुरेख. आपल्या महिन्याभराच्या ज्युडला सासूकडे देऊन तिने सगळा अर्ज लिहून काढला. बायकांनी सह्या केल्या. काहींनी अंगठे उठवले. मी टेबलावर बसून पाहत होतो आणि माझी छाती फुगली होती.

पाच दिवसांनी जितेश आला. हा महापालिकेच्या कार्यालयातला कारकून. वाईट मुलगा नव्हता. घामेजून आला होता. आल्या आल्या पाणी मागितलं आणि मग एक छापील तक्ता सिस्टरांपुढे ठेवला.

"सिस्टर, उपकरणांचा दाखला हवाय. सभेच्या कागदांना जोडायचा आहे."

"मग लिहा, सगळं चालू आहे."

जितेश खाली बघत म्हणाला, "तसं लिहिलं तर केंद्र इथेच राहील. पण नव्या केंद्रात नर्सची एक जागा आहे. कायम. इथलं केंद्र विलीन झालं तरच ती भरायची, असं आहे. तुमचा हुकूम मार्चअखेर संपतोय ना?"

"आणि इथलं राहिलं तर?"

"तर मार्चनंतर इथे कोण असेल, ते मला ठाऊक नाही. मी तुम्हाला काही सांगितलं नाही हं."

सिस्टरांनी तक्ता आपल्याकडे ओढला. मग उठल्या, कपाट उघडलं, मिठाची पिशवी काढली आणि माझ्यावर ठेवली. मित्रांनो, त्या दिवशी बुधवार नव्हता. तरी मी जीव लावून काम केलं. काटा सरसर गेला आणि बरोबर एकावर थांबला. मी वाट पाहत राहिलो, आता शाब्बास म्हणतील.

त्यांनी पिशवी उचलली, खुर्चीवर बसल्या आणि तक्त्यात माझ्या नावापुढे लिहिलं, 'निकामी'. कोपऱ्यात घुरघुरणाऱ्या लसींच्या फ्रीजपुढेही तेच लिहिलं आणि खाली सही केली.

जितेश गेल्यावर त्यांनी माझ्यावर कापड टाकलं. पुढच्या बुधवारी आल्या, नेहमीसारखं पुसलं, पोरांची वजनं केली, तीच वजनं वहीत लिहिली. बायका म्हणाल्या, "सिस्टर, सभेला तुम्ही पण या हं." त्या म्हणाल्या, "येणार तर." मला वाचा असती तर मी तेव्हाच ओरडलो असतो. पण मला जे सांगता येतं ते फक्त माझ्यावर ठेवलेल्या ओझ्याविषयी. माझ्या समोर बसलेल्या माणसाच्या ओझ्याविषयी नाही.

सभेच्या दिवशी आल्बिनाने मला दवाखान्यातून मागून घेतलं. "काटा आळीचा आहे. त्यांना दाखवू तरी, आमचं सामान कसं आहे ते." रोझमेरी, एस्थर आणि आणखी दहाबारा जणी निघाल्या. सिस्टर आधीच पोचल्या होत्या. मागच्या भिंतीशी कर्मचाऱ्यांच्या रांगेत बसल्या होत्या. आल्बिनाने त्यांना हात केला. त्यांनीही केला, पण अर्धाच.

आमचा विषय सातवा होता. समितीच्या अध्यक्षा शांत स्वभावाच्या, पोक्त बाई होत्या. त्यांनी अर्ज पुरता वाचला. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणता सगळं चालू आहे. पण आमच्याकडे दाखला आहे की वजनकाटा निकामी आहे, लसींचा फ्रीज निकामी आहे."

"कुणी सांगितलं?" आल्बिना उसळली. "हा घ्या काटा." तिने मला थेट टेबलावर ठेवलं आणि अध्यक्षांसमोरची पाण्याची बाटली उचलून माझ्या पाळण्यात घातली. "लिटरची आहे ना? बघा."

माझा काटा एकाच्या जरा पुढे थांबला. बाटलीचं वजन धरलं तर तो तिथेच थांबायला हवा होता. अध्यक्षांनी चष्मा वर करून वाकून पाहिलं.

"बरोबर दाखवतोय," त्या म्हणाल्या. "पण आजी, दाखल्यावर तुमच्याच केंद्रातल्या परिचारिकेची सही आहे."

आल्बिना हळूहळू मागे वळली.

"पॉलिन, ही सही तुझी?"

सिस्टर उभ्या राहिल्या. "माझी आहे, मावशी."

"काटा निकामी आहे?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. मी काचेच्या आत अगदी स्थिर उभा होतो. त्या तशाच खाली बसल्या. रोझमेरीने हातातला अर्ज चुरगळला. एस्थर रडायला लागली.

अध्यक्षा क्षणभर घुटमळल्या. मग म्हणाल्या, "बाटली ठेवून दाखवलेलं सभेच्या कागदावर येत नाही. लेखी दाखला आहे, तोच धरावा लागेल." हात वर झाले. विषय मंजूर झाला.

फेब्रुवारीत खोलीला कुलूप लागलं. टेबल, कपाट टेम्पोतून गेलं. मला कुणी नेलं नाही, कारण मी निकामी होतो. आल्बिनाने मला आपल्या पडवीत ठेवलं. नव्या केंद्रात सुरुवातीला चारपाच जणी गेल्या. मग उन्हं वाढली, रिक्षा मिळेनात, बायका आज-उद्या करायला लागल्या. ज्युडचं वजन मार्चपासून झालं नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी, चर्चमधली मिस्सा सुटल्यावर, सिस्टर पडवीच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. नव्या केंद्राचं ओळखपत्र गळ्यात नव्हतं, पण नोकरी कायम झाल्याचं सगळ्या आळीला माहीत होतं. रोझमेरी त्यांना पाहून आत निघून गेली. आल्बिना ज्युडला मांडीवर घेऊन बसली होती. तिने "ये" म्हटलं नाही आणि "जा"ही म्हटलं नाही.

"मावशी, माझ्या जॉयलचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे," सिस्टर म्हणाल्या. "घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. तेवीस वर्षं मी प्रत्येक हुकुमाची वाट बघत जगले."

आल्बिना म्हणाली, "हे तू अर्ज लिहिला त्या बुधवारीच का नाही सांगितलंस? आम्ही दवाखान्यासाठी भांडायला निघालोच होतो. तुझ्यासाठीही भांडलो असतो. त्याच अर्जात एक ओळ वाढली असती."

सिस्टरांनी तोंडावर पदर धरला. मग ज्युडकडे बघून म्हणाल्या, "पोर उतरल्यासारखं दिसतंय. काटा आहे इथे. मी बघते ना वजन."

त्यांनी माझ्याकडे हात केला. मी तयार होतो. खरं सांगतो मित्रांनो, एवढं सगळं होऊनही मी तयार होतो. पण आल्बिनाने ज्युडला छातीशी ओढून घेतलं.

"नको," ती म्हणाली. "आकडा काय, रोझमेरीही वाचेल. पण त्या आकड्यावरून पोराचं काय ते तू सांगशील, ते आता मी कसं खरं मानू?"

काटा तिथे होता, सिस्टर तिथे होत्या, बाळ तिथे होतं. आणि तरीही त्या दिवशी बाळाचं वजन झालं नाही. सिस्टर पायऱ्या उतरून केळीच्या वाडीतून निघून गेल्या.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागते. मला पुसा, रंग द्या, अडगळीत टाकू नका, असं मी मागणार नाही. धुळीने माझं काही बिघडत नाही. तुम्ही मोठे व्हाल, कुणी सिस्टर व्हाल, कुणी कारकून, कुणी सभेत हात वर करणारे. तेव्हा माझ्यासारखा एखादा मुका तुमच्यासमोर असेल आणि तुमच्या हातात पेन असेल. तो जे दाखवतो, तेच लिहा. आणि भीती वाटली, तर ती लिहिण्याआधी कुणाला तरी सांगा.