द्वारकाबाईंचे केस

सुप्रभाताईंच्या माहेरी एक नेम होता: बाईच्या डोक्याला वस्तरा लागायचा नाही. नेम पणजीपासूनचा. सुप्रभाताईंनी तो ग्लासगोत जन्मभर डॉक्टरकी करतानाही पाळला. आता त्यांच्याच डोक्यात गाठ निघाली, ती काढायला अर्धं डोकं भादरावं लागणार होतं, आणि बाई हट्टाला पेटल्या. ऑपरेशनची तारीख त्यांनी दोनदा पुढे ढकलली. एखाद्या पेशंटने असं केलं असतं, तर त्यांनी त्याची चांगली हजेरी घेतली असती.

नेमाचं मूळ चीनमध्ये होतं. या गोष्टीतल्या जगात लांब केसवाल्या बंडखोरांनी पेकिंग जिंकलं होतं. त्याआधी राज्य मांचू बादशहांचं. त्यांचा हुकूम असा, की प्रत्येक पुरुषाने पुढचं डोकं भादरून मागे वेणी ठेवायची. केस राखले तर मुंडकं जायचं. दक्षिणेतल्या डोंगरी शेतकऱ्यांनी केस वाढवले, बंड केलं आणि बादशहाला पळवून लावलं. मग मुलींचे पाय बांधणं थांबलं, बायका परीक्षांना बसू लागल्या, नानकिंगला त्यांच्यासाठी वैद्यकीय शाळा निघाली.

मुंबईत प्लेग आला तेव्हा नानकिंगच्या डॉक्टरणी मदतीला आल्या. त्याच साथीत पणजी, द्वारकाबाई, विधवा झाली. पदरात तान्ही मुलगी, आणि मागच्या दारी न्हावी वस्तरा परजत बसलेला. द्वारकाबाईने मुलीला उचललं आणि पुढच्या दाराने निघाली, ती थेट प्लेगच्या छावणीत. एका लांब केसांच्या डॉक्टरणीने काही न विचारता तिला तंबूत घेतलं. पुढे ती नानकिंगला गेली आणि डॉक्टर होऊन परतली, केसांसकट.

तिची मुलगी डॉक्टर झाली, नात झाली आणि पणतीही. आपल्या ताटातला घास त्या अनोळखी डोंगरी माणसांनी वाढलेला आहे, असं सुप्रभाताईंना जेवताना खरोखरच वाटे. त्यांचे उपकार फेडायचे कसे? तर केस राखून. एवढंच त्यांना माहीत होतं.

"आई, this is mad," ग्लासगोतच जन्मलेली त्यांची लेक वरदा तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. "तुझ्या पणजीला तू हवी असशील की तुझे केस? मला रोज भीती वाटतो."

"तुला नाही कळायचं."

"मग मला कळेल असं explain कर ना."

ताईंना ते जमेना. तिसऱ्या तारखेला वरदाने त्यांना जवळजवळ ओढूनच हॉस्पिटलमध्ये आणलं.

सर्जन होत्या डॉक्टर लो. त्यांचं घराणं मूळचं नानकिंगचं आहे हे कळल्यावर ताईंना धीर आला. आपली बाजू समजली तर हिलाच समजेल, असं वाटून त्यांनी सगळी कहाणी इंग्रजीत सांगितली. डॉक्टर लो पलंगाच्या कडेला बसून ऐकत होत्या.

"आमच्याकडे उलटं आहे," त्या म्हणाल्या. "विजयाच्या दिवशी आम्ही प्रत्येक जण आरशासमोर उभे राहतो आणि स्वतःच्या हाताने एक बट कापतो. आजी सांगायची, ते बंड केसांसाठी नव्हतंच. आपल्या डोक्याचं काय करायचं ते दुसऱ्याने ठरवायचं नाही, यासाठी होतं."

ताईंना आता उमगलं. द्वारकाबाई वस्तऱ्यापासून पळाली नव्हती, न्हाव्याला ज्यांनी बोलावलं त्यांच्यापासून पळाली होती. एवढी साधी गोष्ट तिच्या डॉक्टर पणतीच्या ध्यानात आली नव्हती. ताईंना हसू फुटलं.

"म्हणजे आम्ही चार पिढ्या अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या झालो," त्या मराठीत म्हणाल्या. हे इंग्रजीत सांगताना वरदाची त्रेधा उडाली.

"डॉक्टर, एक विनंती आहे," ताई म्हणाल्या. "ते केस कापायचं मशीन माझ्याकडे द्या."

नर्सने आरसा धरला. ताईंनी वेणी सोडली आणि हात जोडले. आधी त्या डोंगरी माणसांना, मग तंबूत घेणाऱ्या डॉक्टरणीला, मग पणजीला. डोळे भरून आले होते, पण हात डॉक्टरांच्या घरचा होता. कपाळापासून पहिला पट्टा त्यांनी सरळ काढला. पांढऱ्या केसांचा झुपका मांडीवर पडला.

कानापर्यंत आल्यावर त्यांनी मशीन वरदाच्या हातात दिलं.

"मागचं मला दिसत नाही, तिथलं तू कर," त्या म्हणाल्या. "मी सांगतेय म्हणून कर. आणि रडू नकोस, कान माझा आहे."