मेणातले तीन धागे

"त्या खोक्यातले अजून किती उरलेत गं?" हेड्डानं दारातूनच विचारलं.

"सव्वीस. आणि आधी ते दार लाव. झुळूक आली की माझे काप उडतात."

हेड्डानं दार लावलं, पण आतल्या बाजूनं. म्हणजे आता बाई गप्पा मारणार, हे सोल्वेगनं ओळखलं. डॉक्टर होऊन चार वर्षं झाली तरी पोरीच्या पायाला भिंगरी होती. स्वीडनमधल्या उमिओच्या ह्या प्रयोगशाळेत सोल्वेगला मात्र तेहतीस वर्षं झाली होती, एकाच खुर्चीवर, एकाच यंत्रापुढे. डाव्या हातानं चाक फिरवायचं, पातं मेणाच्या वडीवरून सरकतं, केसाहून बारीक काप निघतो, तो कोमट पाण्यावर सोडायचा आणि काचेवर उचलायचा. एवढंच काम. पण ते करून बघावं म्हणजे कळतं.

खोक्यात होते ते प्रोस्टेटमधून सुईनं काढलेले, धाग्यासारखे बारीक, मेणात बसवून ठेवलेले जुने तुकडे. ह्या पुरुषांना कॅन्सर होता, पण सौम्य दिसला म्हणून कुणी सुरी लावली नव्हती, नुसती नजर ठेवली होती. त्यातले काही दोन-तीन वर्षांत गेले आणि काही नव्वदीतही नदीवर गळ टाकून बसत होते. कोण कुठल्या वाटेनं जाणार, हे एखादं प्रथिन आधीच सांगू शकेल का, हा हेड्डाचा शोध. रसायन लावलं की ते प्रथिन असेल तिथे काप तपकिरी व्हायचा. जितका गडद, तितकं भविष्य वाईट, असा तिचा अंदाज होता.

"सगळ्यात जुनी वडी सांभाळून हं," हेड्डा जाता जाता म्हणाली. "फार थोडं उरलंय त्यात."

"मला शिकव आता तू," सोल्वेग म्हणाली.

सतरावी, सगळ्यात जुनी वडी तिनं यंत्रात बसवली आणि तिचा हात चाकावर थांबला.

मेणात तीन धागे होते. मधला तुटलेला, आणि तुटलेली दोन टोकं एकमेकांना अगदी चिकटवून, सरळ रेषेत लावलेली. अशी नसती उठाठेव दुसरं कोण करणार? अकरा वर्षांपूर्वीचा जुलै होता. सगळं गाव सुट्टीवर, प्रयोगशाळेत ती एकटी. घरच्या माणसाच्या नमुन्याला हात लावायचा नाही हा नियम तिला पाठ होता, पण हात लावायला दुसरं माणूसच नव्हतं. तेव्हा तिनं आपल्या नवऱ्याचे, सिक्स्टेनचे, तीन धागे मेणात बसवले होते आणि दोन टोकं जुळवताना श्वास रोखून धरला होता.

गेल्या शरद ऋतूत अभ्यासाचं संमतीपत्र घरी आलं तेव्हा सिक्स्टेननं उत्तरेकडच्या रीतीनं कॉफीत चीजचे तुकडे टाकता टाकताच सही केली. "कुणाच्या तरी कामाला येईल. पण मला काही कळवायचं नाही, आणि तूही बघायचं नाहीस. अकरा वर्षं हा पाहुणा घरात राहतोय, त्याला जायची तारीख विचारणं बरं नव्हे." तिनं कबूल केलं होतं. आणि बघणार कशी? वडीवर नाव नसतं, नुसता आकडा.

आता उठायचं, वडी शेजारच्या मॅट्सकडे द्यायची आणि म्हणायचं, हे माझं नाही. एवढं सोपं होतं. पण वडीत फार तर चार काप उरले होते. मॅट्स चांगला माणूस, पण हात कुऱ्हाडीचा. तो पहिले तीन वडी सरळ करण्यातच वाया घालवणार, चौथा फाटणार, आणि सिक्स्टेनचं ते "कुणाच्या तरी कामाला येईल" कचऱ्यात जाणार. वडी मॅट्सला द्यायला तिचं मन धजेना.

तिनं वडी बर्फावर गार केली आणि चाक फिरवलं. चारातले चारही काप तिनं काचेवर उचलले आणि आकडा लिहून ट्रेमध्ये ठेवले. रंगवून आल्यावर बघायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं.

तीन दिवसांनी हेड्डाच तिला ओढत घेऊन गेली. "चल, तुला काहीतरी दाखवते. तुझीच करामत!" मोठ्या पडद्यावर तिनं काप लावला. "काय सुंदर उतरलाय बघ!"

पडद्यावर तीन धागे. मधला जुळवलेला. तिन्ही उकळून काळ्या झालेल्या कॉफीसारखे गडद.

"इतकं गडद मी अजून पाहिलं नव्हतं," हेड्डा म्हणाली. "ह्याचं काही खरं नाही. नक्की गेला असणार."

"गेला नाही," सोल्वेग म्हणाली. "सकाळी अंडी उकडताना शिट्टी वाजवत होता."

हेड्डा मागे वळली. तिचा चेहरा आधी कोरा राहिला, मग पांढरा पडला. "सोल्वेग, मला... अगं मला माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असणार."

"हे एका माणसावरून ठरत नसतं, खरंच. हजार जणांत साधारण काय दिसतं, एवढंच हे सांगतं."

"ठाऊक आहे गं. हजार मीच कापलेत. पण घरात एकच आहे."

हेड्डानं पडदा बंद केला. ती हळूच म्हणाली, "घरच्या माणसाचा नमुना तू कापलास, ह्याची नोंद करावी लागेल."

"मीच करते," म्हणत सोल्वेग उठली. विभागप्रमुखांपुढे उभं राहून तिनं अकरा वर्षांपूर्वीचं आणि परवाचं, दोन्ही सांगितलं. तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्या नावापुढे चूक लागली. खोकं मॅट्सकडे गेलं.

घरी आली तेव्हा सिक्स्टेन अंगणात पालथ्या होडीला डांबर लावत होता. मे महिन्याचं ऊन अजून चांगलं वर होतं.

"तोंड का उतरलंय?"

"तुझी वडी माझ्याकडे आली होती."

त्याचा ब्रश थांबला. "आणि बघितलंस."

"मुद्दाम नाही बघितलं. दाखवलं मला."

"मला सांगायचं नाही, ठरलंय आपलं."

"नाही सांगत," ती म्हणाली, आणि तिला रडूच कोसळलं. आता काय राहिलं सांगायचं? चाळीस वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाला ते कळलंच.

सिक्स्टेन बराच वेळ फळीवरून ब्रश ओढत राहिला. मग त्यानं विचारलं, "तुटला होता म्हणालेलीस ना तो मधला? नीट कापला गेला का?"

"चारही," ती नाक पुसत म्हणाली. "एकाला सुरकुती नाही."

"मग झालं तर," तो म्हणाला. त्यानं डांबराचा डबा दोघांच्या मध्ये सरकवला आणि दुसरा ब्रश तिच्या हातात दिला. "ती बाजू तू घे."